तांब्याचा जुना अमेरिकन सेंट घेताय? आधी कड बघा, मग साल

मी एडिसनला राहतो. न्यू जर्सीतल्या निम्म्या मराठी लोकांसारखीच माझी ट्रेनही रोज रॉवे स्टेशनवरून जाते आणि पाच-सहा वर्षं मला पत्ताच नव्हता की १७८६ च्या सुमाराला याच रॉवेमधे टाकसाळ होती आणि तिथे तांब्याचे पैसे पाडायचे. एका बाजूला घोड्याचं डोकं आणि खाली नांगर, दुसऱ्या बाजूला ढाल. एका म्हाताऱ्या माणसाच्या गॅरेज सेलमधे असला एक झिजलेला पैसा पाहिला, नांगर बघून आधी वाटलं हे कुठलंतरी आपल्याकडचं संस्थानी नाणं असणार, आणि तिथून जे खूळ लागलं ते अजून सुटलेलं नाही. मधल्या काळात बऱ्याच लोकांनी विचारलं की सुरुवात कशी करायची, फसायचं कसं नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी आवाका सांगतो. अर्ली कॉपर म्हणजे मुख्यतः फिलाडेल्फियाच्या सरकारी टाकसाळीतले मोठे सेंट आणि अर्धे सेंट, १७९३ ते १८५७. त्याआधीचे न्यू जर्सी, कनेक्टिकट, व्हर्माँट, मॅसॅच्युसेट्सचे पैसे आणि १७८७ चा फ्युजिओ सेंट हेही त्याच घरातले, पण ते वेगळं प्रकरण आहे, त्यात लगेच शिरू नका. मोठा सेंट खरंच मोठा असतो, साधारण २८-२९ मिमी, म्हणजे आपल्या १० रुपयांच्या नाण्याहून जरा मोठा आणि शुद्ध तांबं. वजनाला तोळ्याच्या आसपास. आत्ताचा सेंट हातात घेऊन मग हा घ्या, चणा-फुटाणा आणि सुपारी एवढा फरक वाटतो.

आता मुद्द्याचं. या नाण्यांचे डाय, म्हणजे चकतीवर चित्र उठवणारे पोलादी ठसे, हाताने बनवायचे. म्हणजे डोक्याचं चित्र पंचने उठवायचं, मग अक्षरं एकेक करून ठोकायची, सालाचे आकडे ठोकायचे, मागच्या बाजूची पानं, फळं, देठ यांचं बरंचसं काम हाताने. त्यामुळे एकाच सालाचे दोन डाय कधीच सारखे नाहीत. एखाद्यात १ केसांच्या जवळ, एखाद्यात लांब, एखाद्यात पान टी अक्षराच्या खाली संपतं तर एखाद्यात ई च्या खाली. पुढच्या आणि मागच्या डायची प्रत्येक जोडी म्हणजे एक व्हरायटी, आणि त्यांना याद्या करणाऱ्यांच्या नावाने नंबर दिलेले आहेत: १७९३ ते १८१४ च्या सेंटना शेल्डन नंबर, १८१६ ते १८५७ ला न्यूकॉम्ब, अर्ध्या सेंटना कोहेन. (१८१५ सालाचा मोठा सेंटच नाही, कोणी दाखवला तर नमस्कार करून पुढे जा.) नवीन माणसाला वाटतं व्हरायटी वगैरे म्हणजे वेड्या लोकांचे उद्योग, आपल्याला फक्त एक छान नाणं हवंय. मलाही तसंच वाटायचं आणि त्याची फी मी भरली आहे, ते सांगतोच. व्हरायटी ओळखता येणं हीच या धंद्यातली खरी चाचणी आहे, बाकीच्या सगळ्या चाचण्या तिच्या मागून.

सुरुवातीला काय घ्यावं? १८४० नंतरचा ब्रेडेड हेअर (वेणीवाल्या लिबर्टीच्या डोक्याचा) सेंट, १८५१ किंवा १८५३ सारखं कॉमन साल. साधारण वीस-तीस-चाळीस डॉलरमधे बऱ्यापैकी मिळतो आणि नकली असण्याची शक्यता कमी कारण त्यात कोणाला फायदा नाही. तो हातात खेळवा, खऱ्या तांब्याचा दीडशे वर्षं जुना रंग कसा असतो ते डोळ्यात बसू दे. दुसरं नाणं म्हणून माझी शिफारस १८०४ चा अर्धा सेंट. १८०४ चा पूर्ण सेंट प्रचंड दुर्मिळ, पण अर्धा सेंट ढिगाने पाडला होता आणि त्यात एक व्हरायटी आहे जिच्यात डायला मार बसल्यामुळे लिबर्टी बाईंच्या (नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीच्या) हनुवटीला काटा फुटलेला दिसतो. स्पाइक्ड चिन म्हणतात. महाग नाही, नुसत्या डोळ्यांनी ओळखू येते आणि पहिल्यांदा आपण स्वतः एखादी व्हरायटी ओळखली की जो आनंद होतो ना, तो वेगळाच. त्यानंतर १८०२-१८०३ चा ड्रेप्ड बस्ट (खांद्यावर वस्त्र घेतलेल्या लिबर्टीचा) सेंट. इथपर्यंत आलात की तुम्ही अडकलात.

टाकसाळवाल्यांच्या चुका तर बघत राहाव्या अशा आहेत. १७९६ च्या एका सेंटवर लिबर्टी शब्दात बी च्या जागी चुकून एच सारखं अक्षर दिसतं, तर १८०१ च्या एकात तीन चुका एकदम: युनायटेडच्या यू ऐवजी दोन उभ्या दांड्या, पानांच्या चक्राला एकच देठ, आणि १/१०० च्या जागी १/०००. म्हणजे गणिताने अनंत. १७९४ च्या एका व्हरायटीत मागच्या बाजूला किनारीलगत ९४ बारीक तारे आहेत, का केले कोणालाच माहीत नाही.

सामान फार लागत नाही. एक चांगलं ७ किंवा १० पॉवरचं भिंग, सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, वाकवता येणारा टेबल लॅम्प, आणि खाली मऊ टॉवेल कारण नाणं हातातून पडतंच. भिंगावर पैसे वाचवू नका, दहा डॉलरच्या भिंगातून सगळंच इंद्रधनुष्य दिसतं.

आता नाणं समोर आलं की काय करायचं. सगळे आधी साल बघतात. मी म्हणतो आधी कड बघा. नाणं दोन बोटांत कडेनेच धरायचं (चेहऱ्यावर बोट लावलंत तर ठसा कायमचा राहतो, तांबं विसरत नाही) आणि दिव्याखाली हळूहळू पूर्ण फिरवायचं. पूर्वी इलेक्ट्रोटाइप नावाचा प्रकार करायचे, खऱ्या नाण्याच्या साच्यावर विजेने तांब्याचा पातळ पापुद्रा चढवायचा, दोन बाजूंचे दोन पापुद्रे, मधे शिसं वगैरे भरून जोडायचं. समोरून बघितलं तर हुबेहूब, कारण साचा खऱ्याचाच. पण कडेला जोड असतो, करंजीची कड दाबल्यावर जशी रेघ राहते तशी, कितीही घासली तरी कुठेतरी दिसतेच. ओतीव नकली नाण्याच्या कडेला पण कानशीने घासल्याच्या खुणा असतात, शिवाय अंगावर रव्यासारखी बारीक छिद्रं आणि अक्षरांचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल.

कडेवर लिहिलेलंही वाचा. १७९४ चा सेंट आणि १७९५ चे सुरुवातीचे सेंट जाड असायचे आणि त्यांच्या कडेवर इंग्रजीत 'वन हंड्रेड फॉर अ डॉलर' असं कोरलेलं असतं, अर्ध्या सेंटवर 'टू हंड्रेड'. सगळ्यात पहिला जो चेन सेंट, १७९३ चा, त्याच्या कडेवर वेल आणि दांड्यांची नक्षी. (त्याच्या मागच्या बाजूला साखळी होती, एकतेची खूण म्हणून, लोक म्हणाले नव्या स्वतंत्र देशाच्या पैशावर साखळदंड कशाला, आणि महिन्याभरात डिझाइन बदललं. एकूण ३६,१०३ पाडले.) मग तांब्याचा भाव वाढला आणि १७९५ च्या शेवटी वजन कमी केलं, चकती पातळ झाली, कडेवर लिहायला जागाच उरली नाही. म्हणजे १७९५ चा जाड असेल तर कडेवर अक्षरं हवीत, पातळ असेल तर कड बहुतेक कोरी. कोऱ्या कडेचा जाड १७९४ कोणी दिला तर प्रश्न विचारा.

वजनाचं गणित त्याच्याशीच जोडलेलं. जाड सेंट १३.४८ ग्रॅम म्हणजे तोळ्याहून जास्त, पातळ १०.८९ म्हणजे तोळ्याहून कमी. अर्धे सेंट आधी ६.७४ आणि नंतर ५.४४. झिजलेलं, गंजलेलं नाणं थोडं हलकं भरणारच, त्याचा बाऊ करू नका, पण बऱ्यापैकी अवस्थेतला १८०३ जर ९ ग्रॅम भरत असेल तर काहीतरी शिजतंय. शंका असेल तर घनता काढायची, शाळेतला आर्किमिडीज. काट्यावर डिस्टिल्ड वॉटरचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबकळत सोडायचं, तळाला किंवा पेल्याला टेकू द्यायचं नाही, आणि काटा काय दाखवतो ते बघायचं. १०.८९ ग्रॅमच्या खऱ्या नाण्याला १.२२ च्या आसपास येतं. १०.८९ ला त्याने भागलं की ८.९ आलं पाहिजे, ती तांब्याची घनता. आत शिसं असेल तर आकडा वर जाईल. काम झालं की नाणं लगेच टिपून कोरडं करायचं, सुकेल आपोआप म्हणून ठेवायचं नाही.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. आता माझी फी.

एका हॉटेलच्या हॉलमधे कॉइन शो होता, एका टेबलावर १७९९ चा सेंट दिसला. १७९९ म्हणजे या मालिकेतलं सगळ्यात हट्टी साल, भल्याभल्यांच्या अल्बममधे ते भोक रिकामं असतं. किंमत १७९९ च्या मानाने फारच कमी, आणि नाणं दिसायला छान, तुळतुळीत तपकिरी. मी शहाणा, काटा बरोबर घेऊनच गेलो होतो, वजन बरोबर, कड स्वच्छ, घरी येऊन घनता काढली तीही बरोबर. आठवडाभर बायकोला, मित्रांना, सगळ्यांना दाखवत फिरलो. मग ओळखीच्या एका जुन्या संग्राहकाला दाखवलं. त्याने पुढची बाजू बघितलीच नाही. सरळ मागची बाजू वर केली, पानं आणि अक्षरं बघितली, पंधरा सेकंद, आणि म्हणाला, हा १७९८ आहे.

झालं असं की नाणं खरंच होतं, फक्त साल खोटं होतं. कोणीतरी शंभरेक वर्षांपूर्वी ८ चं खालचं डावं वळण कोरून काढून त्याचा ९ केला होता. वजन, घनता, कड सगळं पास होणारच, कारण तांबं टाकसाळीचंच! पण १७९९ च्या फक्त दोन व्हरायटी आहेत, त्यातली एक म्हणजे ८ च्या डायवर ९ ठोकलेली ओव्हरडेट, आणि माझ्या नाण्याची मागची बाजू दोन्हींशी जुळत नव्हती. मग त्याने दिवा अगदी आडवा करून भिंगातून दाखवलं, ९ च्या शेपटीजवळची जमीन किंचित खोलगट होती, चमच्याने खरवडल्यासारखी, आणि तिथला रंगही बाकीच्यापेक्षा एक छटा वेगळा. एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेचना. आणि खरे १७९९ बहुतेक काळपट, खरखरीत, झिजलेले असतात, छान तुळतुळीत आणि वर स्वस्त हीच पहिली घंटा होती, पण हावेला घंटा ऐकू येत नाही.

१८०४ च्या सेंटचंही असंच, १८०१ किंवा १८०३ वर हात फिरवून बनवलेले खूप फिरतात. त्याला एक मस्त झटपट चाचणी आहे. खऱ्या १८०४ ची डायची एकच जोडी आहे. सालातल्या ० च्या बरोबर खाली कडेला चिमटीत धरा आणि नाणं उलटं करा, मागच्या बाजूला चिमटीपाशी 'ऑफ' शब्दातला ओ यायला हवा. नसेल तर विषय संपला. शिवाय १८०४ चा एक 'रीस्ट्राइक' म्हणून मिळतो, तो १८६० च्या आसपास टाकसाळीच्या बाहेर कोणीतरी भंगारातल्या डायनी पाडला: पुढची बाजू १८०३ च्या गंजक्या डायवर साल बदलून, मागची बाजू चक्क १८२० ची. डाय गंजलेला असला की नाण्यावर खड्डे पडत नाहीत, उलट फुटकुळ्या येतात, हे लक्षात ठेवा. तो रीस्ट्राइकही लोक हौसेने विकत घेतात, घ्या, पण तो काय आहे हे माहीत असून घ्या.

गेल्या काही वर्षांत आणखी एक डोकेदुखी आली आहे. खऱ्या नाण्यावरून मशीनने डाय बनवून शुद्ध तांब्यावर ठोकलेली नकली, वजन नीट, व्हरायटीसुद्धा नीट कारण मूळ नाणं खरं. यातली काही ग्रेडिंग कंपन्यांच्या (नाणं तपासून त्याच्या अवस्थेचा आकडा देणाऱ्यांच्या) प्लॅस्टिक डबीतसुद्धा जाऊन बसली. पकडायची कशी तर ज्या खऱ्या नाण्याची नक्कल केली त्याच्या अंगावरचे ओरखडे आणि पोचे पण नक्कल होतात. खरा ओरखडा भिंगाखाली धारदार असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना धातू किंचित उचललेला असतो. नकलेतला ओरखडा गोलसर, बुजलेला. आणि सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या दोन नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच ओरखडा. दोन माणसांच्या कपाळावर तोच टाका असेल का? म्हणून विकत घ्यायच्या आधी त्या व्हरायटीचे जुन्या लिलावातले फोटो काढा, पंधरा-वीस बघा, कंटाळा करू नका. इथे अमेरिकेत १९७३ पासून कायदा आहे की नकली नाण्यावर 'कॉपी' असं उठवलेलं पाहिजे, पण फसवायला बसलेला माणूस ते कशाला उठवेल.

आता ग्रेडिंग. १ ते ७० ची जी पट्टी आज जगभर वापरतात ती याच मोठ्या सेंटसाठी विल्यम शेल्डनने १९४९ मधे काढली, आणि मुळात ती किमतीची पट्टी होती, व्हरायटीची मूळ किंमत गुणिले ग्रेड म्हणजे भाव. ते गणित केव्हाच मोडलं, आकडे राहिले. (हाच शेल्डन न्यूयॉर्कच्या न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून जागी हलके ठेवायचा, हे त्याच्या मरणानंतर उघड झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. नाण्यांचं प्रेम माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही.)

कॉपरवाले ग्रेड दोन टप्प्यात लावतात आणि हे समजलं नाही तर तुम्हाला वाटेल सगळे भांडतायत. पहिला टप्पा शार्पनेस, म्हणजे फक्त झीज किती. ड्रेप्ड बस्टमधे लिबर्टी आणि साल वाचता येतंय, केस सपाट झालेत तर गुड ४. केसांचे अर्धेअधिक पदर दिसले की फाइन १२, कपाळावरचे आणि कानाजवळचे बहुतेक पदर सुटे दिसले की व्हेरी फाइन २०-३०. इथे एक गफलत होते, ठोकाच कमी बसला असेल तरी मधला भाग सपाट दिसतो आणि नवीन माणूस त्याला झीज म्हणतो. झिजलेली जागा गुळगुळीत आणि वेगळ्या रंगाची असते, कमी ठोक्याच्या जागेत मूळ चकतीचा खरखरीतपणा शिल्लक असतो. दुसरा टप्पा वजावटीचा: किनारीचा पोचा, गंजाची छिद्रं, ओरखडे, जुनी साफसफाई, प्रत्येकाचे मार्क कापायचे, उरतं ते नेट ग्रेड. माझ्याकडे एक १८०३ आहे, शार्पनेस २५, पण मागच्या बाजूला बारीक छिद्रं आणि किनारीला सात वाजताच्या जागी घाव, मी त्याला नेट १२ म्हणतो. डबीवर एक आकडा आणि कॉपरवाल्यांचा त्याहून दहा-पंधराने कमी, हे इथे रोजचं आहे. डबी आकडा सांगते, नाणं सांगत नाही, भाव नाण्याचा करा.

रंग मात्र आकड्यात मावत नाही. चांगलं जुनं तांबं चिंचोक्यासारखं दिसतं, गडद, तुळतुळीत, एकसारखं. साफ केलेलं तांबं देवघरातल्या घासलेल्या ताम्हणासारखं गुलाबी-केशरी, अक्षरांच्या कोपऱ्यात तेवढी काळी घाण उरलेली. मग लोक ते लपवायला व्हॅसलिनमधे गंधक कालवून पुन्हा काळं करतात, असा रंग मेलेला दिसतो, दिवा फिरवला तरी चमक फिरत नाही.

यावरून आठवलं. आई इथे आली होती तेव्हा तिने मायेने माझा १८५१ चा सेंट चिंच लावून लख्ख करून ठेवला, 'किती काळा पडला होता रे'. काही बोललो नाही. ते नाणं आता मी उदाहरण म्हणून वापरतो. तर चिंच नाही, लिंबू-मीठ नाही, पितांबरी तर नाहीच. करायचंच असेल तर दुकानात झायलॉल नावाचं सॉल्व्हंट मिळतं, खिडकी उघडी ठेवून नाणं त्यात थोडा वेळ बुडवायचं, चिकट घाण निघते आणि तांब्याला काही होत नाही, मग अगदी मऊ 'कॅमल हेअर' ब्रशने हलक्या हाताने झटकायचं. आंबट पदार्थ पितळेत कळकतो तेव्हा येतो तसा हिरवा थर असेल तर झायलॉलमधे मऊ करून लाकडी टूथपिकने, एका वेळी एक ठिपका. पाठीला रग लागते पण दुसरा उपाय नाही.

ठेवायचं कुठे? मऊ वासवाल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नाही, ते पीव्हीसी असतं, वर्षा-दोन वर्षांत हिरवं चिकट सुटतं. कॉपरवाले आजी-आजोबांच्या काळापासून करतात तेच मी करतो, छोटी कापडी पिशवी, ती कागदी पाकिटात, पाकिटं डब्यात, डब्यात सिलिका जेल. बेसमेंटमधे ठेवू नका, न्यू जर्सीचा जुलै तांब्याला सोसत नाही.

आपल्याकडच्या मंडळींना एक गंमत सांगतो. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीला १७९० च्या दशकाच्या शेवटापासून कोऱ्या चकत्या बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडून यायच्या, आणि त्याच बोल्टनच्या सोहो टाकसाळीत कंपनी सरकारचे मुंबई इलाख्याचे तांब्याचे पैसे पाडले जायचे, १८०४ चा तराजूवाला पैसा तिथलाच. जुन्या बाजारात तो मिळाला तर दोन्ही शेजारी ठेवून बघा. फक्त तिकडचं जुनं नाणं बॅगेत टाकून इकडे आणू नका, शंभर वर्षांवरचं नाणं भारतात पुरावस्तू ठरतं आणि बाहेर न्यायला बंदी आहे.

पाकिटावर लिहायचं विसरू नका: व्हरायटी नंबर, वजन, शार्पनेस, नेट, कुठून कधी घेतलं. किंमत मी देवनागरी आकड्यांत लिहितो म्हणजे इथल्या डीलरला विकताना कळत नाही मी कितीला घेतलं होतं. बायकोला कळतं, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.